जवळून काढलेला चेहरा

बारीकसारीक वस्तू जवळून मोठ्या दाखवणारी मॅक्रो लेन्स अमेय पिंपळीकरने घेतली ती किड्यांसाठी. वाळूजच्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात होता. आठवड्याचे सहा दिवस लोखंडी सुट्या भागांवरचे केसाएवढे तडे शोधायचे आणि रविवारी सकाळी स्कूटर काढून हर्सूल तलाव गाठायचा, असा त्याचा नेम. तिथं गवतात पालथं पडून तो चतुर, नाकतोडे, कोळी असले जीव टिपायचा. घरी आला की कोपरांना चिखल आणि केसांत कुसळं. त्याची बायको वैदेही एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "सहा दिवस भेगा बघतोस, सातव्या दिवशी कोळी. माणसांचा नंबर कधी लागायचा?"

ती थट्टेत बोलली, पण अमेयच्या ते मनात राहिलं. 'झरोका' नावाच्या छायाचित्र मंडळाचा तो सभासद होता. मंडळ चालवायचे वैजनाथकाका. एके काळी शहरात त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता, आणि अर्ध्या शहराची लग्नं आपल्या हातून गेली असं ते सांगायचे. अमेयने त्यांना विचारलं, "काका, मॅक्रोने माणसांचे फोटो काढले तर चालतील?"

"चालतील काय, पळतील," काका म्हणाले. "शंभर मिलिमीटरची लेन्स चेहऱ्याला उत्तम. लांब उभं राहिलास तरी चेहरा भरून येतो, नाक फुगत नाही, मागची गर्दी लोण्यासारखी विरघळते. फक्त फार जवळ जाऊ नकोस. ही लेन्स कुणाला माफ करत नाही. एखाद्या लग्नात बायकांवर रोखलीस तर जेवायच्या आधी हाकलतील तुला."

अमेयने पहिला भाग ऐकला. दुसरा कानाआड केला.

रस्त्यावर या लेन्सचा एक त्रास होता. फोकस धरायला ती वेळ लावायची. पुढं-मागं गुरगुरत चाचपडत बसायची, तोवर चालता माणूस पार निघून गेलेला असायचा. म्हणून अमेय बसलेली माणसं शोधू लागला. पैठण गेटच्या पायरीवर टेकलेला हमाल, शहागंजात भाजीपुढं पेंगणारी बाई, बसस्टँडवर वाट पाहून कंटाळलेली म्हातारी. थकलेली माणसं हलत नाहीत, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. आणि थकलेला चेहरा जवळून पाहिला की त्यात फार काही दिसतं, असं मंडळातले लोक म्हणत. त्याच्या फोटोंना वाहवा मिळू लागली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो क्रांती चौकाच्या अलीकडं स्कूटर लावून हिंडत होता. आतल्या गल्लीत डोळ्यांचा एक दवाखाना आहे. त्याच्या शेजारच्या कट्ट्यावर एक म्हातारा एकटाच बसलेला त्याला दिसला. अंगावर शाल, डोळ्यांना मोठा काळा गॉगल, गालांवर पांढरे खुंट. ऊन तिरपं येत होतं आणि त्या खुंटांवर चमकत होतं.

"काका, एक फोटो काढू का तुमचा?"

म्हातारा हसला. "माझा? अन् असल्या अवतारात? बेस्तरवारी मोतीबिंदू काढला. तीन दिवस तोंडाला पाणी नाय, दाढीला पाणी नाय. डॉक्टरची मनाई आहे." मग त्याने कॅमेऱ्याकडं मान वाकडी करून पाहिलं. "भिंग लई मोठं दिसतंय. मॅक्रो आहे का?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अडतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमधी होतो. लॅब असिस्टंट. सूक्ष्मदर्शकं पुसण्यातच जिंदगी गेली म्हणा ना."

"अरे वा," अमेय म्हणाला. पण त्याचं लक्ष उन्हाकडं होतं. पाच-दहा मिनिटांत ते भिंतीआड जाणार होतं. "काका, जरा गॉगल काढता का?"

"उजेड लागू द्यायचा नाय म्हणलेत."

"एकच मिनिट. जास्त नाही."

म्हाताऱ्याने जरा विचार केला आणि समोरच्या पोराचं मन मोडू नये म्हणून गॉगल काढला. अमेय खाली बसला आणि लेन्स त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आणली. डोळा लाल होता. उजेड पडताच तो मिटू लागला, म्हाताऱ्याने तो मोठ्या कष्टाने उघडा ठेवला. पापणीच्या कडेला पाणी जमलं. "हलू नका काका, हलू नका," अमेय म्हणत राहिला. पाण्याचा एक थेंब सुटला, सुरकुतीतून वाट काढत खाली आला आणि दाढीच्या खुंटात अडकून राहिला.  सोळा फोटो काढूनच अमेय थांबला.

म्हाताऱ्याने गॉगल चढवला, खिशातला कापूस काढून गाल टिपला. "हे जवळचे तुमच्यापुरते ठेवा बरं का. घाण दिसत असंल तोंड. आता एक पुरा काढा माझा, पायापासून." तो उठून उभा राहिला. शाल नीट घडी करून खांद्यावर टाकली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि छाती काढून ताठ झाला. अमेय मागं सरकत रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. लेन्स चाचपडू लागली. मध्येच एक रिक्षा आली. अमेयने बटण दाबलं.

"छान आला, काका," तो न बघताच म्हणाला.

म्हाताऱ्याने औषधाच्या कागदामागं नाव आणि नंबर लिहून दिला, अमेयचाही मागून घेतला. सखाराम हिवराळे. अक्षर छापल्यासारखं नेटकं होतं. "व्हॉट्सॅपवर टाका. पोरगी औषधं आणायला आत गेलीय, तिला दाखवतो."

अमेय घरी येताना चौकातून कचोरी घेऊन आला आणि हात न धुताच कॉम्प्युटरसमोर बसला. उभा फोटो धुरकट आला होता. रिक्षाचा टप आणि मागं एक राखाडी ठिपका. त्याने तो पुसून टाकला. जवळचे सोळा मात्र एकाहून एक होते. अकराव्या फोटोत तो थेंब असा अडकला होता की त्यात समोरच्या दुकानाची पाटीही उलटी दिसत होती. अमेय ते पाहतच राहिला.

संध्याकाळी संदेश आला: 'फोटो टाकावा. स. हिवराळे.' काय टाकणार? पाहिजे तो फोटो नव्हता आणि होते ते त्यांना नको होते. उद्या काहीतरी कळवू म्हणून अमेयने फोन ठेवला. मंगळवारी पुन्हा संदेश आला, शुक्रवारी एक. मग ते यायचे थांबले आणि खरं सांगायचं तर अमेयला सुटल्यासारखं वाटलं.

मार्चमध्ये मंडळाची वार्षिक स्पर्धा होती. अर्जात बरेच रकाने होते. 'फोटोतील व्यक्तीचे नाव व संपर्क' इथं त्याने औषधाच्या कागदावरून उतरवून घेतलं. 'व्यक्तीची संमती आहे' या चौकटीपाशी तो थोडा थांबला आणि खूण केली. शीर्षक आधी 'चेहरा' लिहिलं. ते त्यालाच पाणचट वाटलं. मागच्या वर्षी पहिला आलेला भिकाऱ्याचा फोटो आठवून त्याने ते खोडलं आणि लिहिलं, 'भूक'. शेवटचा रकाना होता 'फोटोमागची गोष्ट'. तिथं त्याने तीन ओळी लिहिल्या. हे गृहस्थ क्रांती चौकात बसलेले दिसले. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. मी वडापाव दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लिहिताना त्याला फारसं काही वाटलं नाही. स्पर्धेत सगळेच थोडंफार रंगवतात, असं त्याने स्वतःला सांगितलं.

अर्ज घेताना वैजनाथकाकांनी त्या तीन ओळी चष्मा वर करून दोनदा वाचल्या. "खरंच असं झालं?"

"हो काका."

काकांनी मान हलवली आणि अर्ज गठ्ठ्यात ठेवला.

फोटो पहिला आला. बक्षीस समारंभ आणि प्रदर्शन एका सभागृहाच्या पहिल्या मजल्यावर होतं. दारातून आत शिरताच समोरच्या भिंतीवर सखारामचा डोळा, चार फूट रुंद. कातडीचं एकेक छिद्र बोट घालता येईल एवढं. लोक त्याच्यासमोर येऊन थबकत. एका बाईंनी तर पदर डोळ्यांना लावला. वैदेही नवी साडी नेसून आली होती. अमेयच्या पाठीवर थापा पडत होत्या.

बक्षीस देऊन झाल्यावर पाहुणे म्हणाले, "यामागची हकिकत स्वतः कलावंताकडून ऐकू या." माईक अमेयच्या हातात आला. शंभर-सव्वाशे माणसं त्याच्याकडं बघत होती. तीन ओळी दोन मिनिटं कशा पुरणार? तो बोलत गेला आणि गोष्ट वाढत गेली. "मी विचारलं, बाबा, जेवलात का? तर ते काहीच बोलले नाहीत. मी वडापाव पुढं केला. त्यांचे हात थरथरत होते. पहिला घास तोंडात गेला आणि हा थेंब..." त्याने भिंतीकडं हात केला.  तिसऱ्या रांगेत तपकिरी कोट घातलेला, गुळगुळीत दाढी केलेला एक वयस्क माणूस एका बाईशेजारी बसला होता आणि त्याच्याकडं टक लावून पाहत होता. असतील कुणाचे तरी वडील, असं अमेयच्या मनात आलं.

टाळ्या थांबल्यावर वैजनाथकाकांनी माईक घेतला. "यंदा आपण एक नवी प्रथा पाडली. ज्यांचे चेहरे आपण भिंतीवर लावले, त्यांनाही फोन करून बोलावलं. ग्रुपवर टाकलं होतं, वाचलं असेलच." अमेयने वाचलं नव्हतं. "आणि मला आनंद वाटतो की या फोटोतले सखाराम हिवराळे स्वतः इथं आले आहेत. काका, जरा उभे राहता?"

तपकिरी कोटातला माणूस उठला.

 तीन आठवडे अमेयने या माणसाच्या डोळ्याची एकेक सुरकुती मोठी करून करून पाहिली होती, आणि समोर सगळा माणूस बसला होता तर त्याला तो ओळखता आला नव्हता. सखारामने चारी दिशांना हात जोडले. काही बोलला नाही, खाली बसला. लोक मात्र उठून उभे राहिले आणि पुन्हा टाळ्या झाल्या. त्याच्या शेजारची बाई, त्याची मुलगी करुणा, मांडीवरची पर्स घट्ट धरून समोर बघत होती.

खालच्या हॉलमध्ये अल्पोपाहार होता. अमेयने ठरवलं, आत्ताच जाऊन बोलायचं. गर्दीतून वाट काढत तो त्या दोघांपासून दोन हातांवर आला, तेवढ्यात मघाशी डोळे पुसणाऱ्या बाई भरलेल्या दोन प्लेट घेऊन सखारामसमोर उभ्या राहिल्या. "घ्या बाबा, पोटभर खा. लाजू नका. अजून आणून देते." त्यांचा आवाज खरोखर दाटून आला होता.

सखारामने एक प्लेट हातात घेतली. "आभारी आहे, ताई," तो म्हणाला.

करुणाची नजर त्या बाईंच्या खांद्यावरून थेट अमेयवर पडली. तिने ओरडायला हवं होतं, चार शब्द सुनवायला हवे होते. तिने नुसतं पाहिलं.  कुणीतरी "सेल्फी, सेल्फी" म्हणून त्याचा दंड ओढला आणि तो ओढला गेला. मागं वळून पाहिलं तेव्हा प्लेट टेबलावर तशीच ठेवलेली होती आणि ते दोघं जिना उतरून गेले होते.

परतताना वैदेही स्कूटरवर मागं बसली होती. सिग्नलला ती म्हणाली, "त्या रविवारी तू अकराला घरी होतास. कचोरी आणली होतीस. वडापाव कधी दिलास त्यांना?"

 घरी पोहोचल्यावर चावी हातातच धरून अमेयने सगळं सांगितलं. गॉगल कसा काढायला लावला, तेसुद्धा. वैदेही भिंतीला टेकून ऐकत होती. "ऑपरेशन झालेल्या डोळ्याला उजेड दाखवून पाणी काढलंस," ती म्हणाली, "आणि त्यालाच भूक म्हणालास." मग ती आत निघून गेली. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढचे पाच दिवस त्याने फोन हातात घेतला आणि ठेवला. कारखान्यात एक तडा गेलेला भाग त्याच्या नजरेतून सुटला. शनिवारी त्याने नंबर लावला. करुणाने उचलला. "पत्ता पाठवते," एवढं बोलून तिने ठेवला.

घर विद्यापीठाच्या रस्त्याला होतं. दारात तुळस नव्हती, मोगरा होता. आत बाबासाहेबांची तसबीर, पुस्तकांनी भरलेलं कपाट. त्याच्याशेजारी एक नवीकोरी चौकट. तपकिरी कोटातला सखाराम, मागं निळा पडदा, पायांत पॉलिश केलेले बूट. साधा स्टुडिओतला फोटो. अमेय त्याकडं पाहत राहिला.

"परवा काढून आलो," आतून येत सखाराम म्हणाला. "तुमच्याकून यायची वाट बघून थकलो. बसा."

अमेय बसला नाही. "काका, मी माफी मागायला आलोय."

करुणा दारातच उभी होती. "मी हायकोर्टात वकिली करते," ती म्हणाली. "नोटीस लिहून तयार आहे. बाबा सही करत नाहीत म्हणून ती टेबलावर पडून आहे. तुम्हाला कल्पना आहे का काय झालं त्याची? बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तुमचं भाषण फिरतंय. चार जणांनी मला फोन केला. ताई, सर उपाशी बसतात रस्त्यावर, घरी काही अडचण आहे का? म्हणजे मी बापाला जेवू घालत नाही. त्या दिवशी सकाळी मी त्यांना शिरा करून घातला होता, ऐकताय?"

"तुपातला," सखाराम हळूच म्हणाला.

"मी सगळं कळवतो त्यांना. मी..." अमेय म्हणू लागला.

सखारामने खुर्ची ओढली. "एक विचारू का? तुम्हाला ते भुकेचं का वाटलं? काय दिसलं माझ्यात?"

 उत्तर अमेयला ठाऊक होतं आणि ते तोंडाबाहेर काढायची लाज वाटत होती. दाढी, जुनी शाल, कट्टा. काळा रंग. तुमच्यासारखे चेहरे भुकेल्या माणसांचे असतात, असं मी न विचारताच धरून चाललो, हे कसं बोलायचं? "मी नीट पाहिलंच नाही, काका," तो म्हणाला. ते अर्धंच खरं होतं, आणि ते अर्धं असल्याचं तिघांनाही कळलं.

"हं," सखाराम म्हणाला. "आमच्या लॅबमधी स्लाइडला लेबल लावायचो. झुरळाचा पाय तर झुरळाचा पाय. पोराला तो कुणाचा वाटतो, ते नाय लिहायचं. लेबल चुकलं की मार्क गेले."

"तुम्ही तिथंच का नाही बोललात? मी थांबलो असतो."

"नाय थांबले असते." सखारामने मान हलवली. "अन् खरं सांगू का? मला बोलताच येईना. त्या बाईनं प्लेट दिली ना, तवा मलाच लाज वाटली. वाटलं, मी खरंच तसा दिसतो का काय? कोट तर इस्त्री करून घातला होता. घरी येऊन आरशात बघितलं. सत्तरी उलटल्यावर." तो थांबला. "लाज तुमची होती अन् वागवली मी. हे बरोबर नाय झालं."

अमेयने मान खाली घातली. टाइल्सवरचे ठिपके त्याला दिसेनासे झाले.

"इथं माफी मागून काय उपयोग?" करुणा म्हणाली. "इथं आम्ही दोघंच आहोत आणि आम्हाला खरं आधीच माहीत आहे. जिथं बोललात तिथं बोला."

प्रदर्शन रविवारी संपणार होतं. अमेयने वैजनाथकाकांना फोन करून सगळं सांगितलं.  "मी तुला विचारलं होतं," काका म्हणाले. "चष्मा वर करून विचारलं होतं. ये उद्या. माईक देईन. मी मध्ये पडणार नाही, आणि तुला वाचवणारही नाही."

समारोपाला पन्नासेक माणसं होती. अमेय उभा राहिला.  त्याने कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद उघडला नाही. "या फोटोमागची मी सांगितलेली गोष्ट खोटी आहे," त्याने सुरुवात केली. "हे गृहस्थ उपाशी नव्हते. मी त्यांना वडापाव दिला नाही. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना मी त्यांना गॉगल काढायला लावला, म्हणून ते पाणी आलं. हा फोटो कुणाला दाखवू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. संमतीच्या चौकटीत मी खोटी खूण केली. त्यांची मुलगी त्यांची उत्तम काळजी घेते. तिच्याबद्दल कुणाच्या मनात काही आलं असेल तर ते माझ्यामुळं. बक्षीस मी परत करतोय."

 मागच्या रांगेतल्या एकाने टाळी वाजवली. "हिंमत लागते हो!" तो म्हणाला. आणखी दोघं-तिघं सामील झाले.

"टाळ्या नका वाजवू," अमेय म्हणाला.  "कृपा करून नका वाजवू."

प्लेट देणाऱ्या बाई पुढच्याच रांगेत होत्या. त्या उठून त्याच्यापाशी आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "म्हणजे मी त्या माणसाला... भर हॉलमध्ये..." त्या म्हणाल्या. "मला का हो यात ओढलंत? आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?" त्यांनी पत्ता मागितला. अमेय म्हणाला, त्यांना विचारून देतो. विचारल्याशिवाय आता तो कुणाचं काहीच देणार नव्हता.

करुणा दारापाशी उभी राहून हे सगळं ऐकत होती, हे त्याला नंतर कळलं. लोक पांगल्यावर ती आत आली. "तो फोटो उतरवा," ती म्हणाली. अमेयने स्टुलावर चढून उतरवला. "मूळ कुठंय?" त्याने लॅपटॉप आणला होता. तिच्यासमोर उघडून त्याने सोळाच्या सोळा फोटो पुसले, मग कचरापेटीतूनही काढले. अकराव्यापाशी हात थबकला, ते तिने पाहिलं. त्यालाही कळलं की तिने पाहिलं.

"झालं?"

"हो."

"तुमचं बोलणं मी रेकॉर्ड केलंय. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकणार आहे." तिने मोठा फोटो पाठीकडून धरून उचलला. "बाबांना सांगते." आणि ती गेली.

ते रेकॉर्डिंग बरंच फिरलं. कारखान्यातही पोहोचलं. काहींनी त्याच्याशी बोलणं कमी केलं, आणि काहींनी मोठ्या मनाचा माणूस म्हणून त्याचं कौतुक केलं. ही दुसरी मंडळी त्याला जास्त जड गेली. मंडळाने त्याला वर्षभर स्पर्धेतून बाद केलं. वैदेही हळूहळू पहिल्यासारखी बोलू लागली, पण त्याने ऑफिसातली एखादी गंमत सांगितली की ती अधूनमधून विचारायची, "असंच झालं ना?" तो म्हणायचा, "असंच झालं." त्या प्रश्नावर चिडायचा आपल्याला हक्क नाही, हे त्याने मान्य केलं होतं.

मे महिन्यात एका सकाळी तो औरंगपुऱ्याच्या मंडईत गेला होता. कैऱ्यांच्या ढिगापलीकडं सखाराम दिसले. बरोबर त्यांच्याच वयाचा एक माणूस होता. अमेय झटकन कांद्याच्या पोत्यांमागं झाला. तिथं वाकून उभा असताना कांदेवाली त्याच्याकडं संशयाने पाहू लागली, तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली. तो बाहेर आला आणि समोर जाऊन उभा राहिला.

"नमस्कार, काका."

"जय भीम," सखाराम म्हणाले. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. "बारीक झालात." मग सोबत्याकडं वळले. "हे अमेयराव. फोटो काढतात."

 आता पुढचं येणार. मंडईत, चार लोकांत. येऊ दे, अमेयने मनात म्हटलं.

"व्हय का?" सोबती म्हणाला. "मग काढा की आमचा बी एखादा. नातीच्या लग्नाला लागंल."

"काढतील," सखाराम म्हणाले. "सांगून काढतील." आणि ते कैऱ्यांकडं वळून भाव करू लागले.

पुढं काहीच आलं नाही.  निघून जावं की थांबावं ते अमेयला कळेना. शेवटी सखारामनी न वळताच पिशवीचं तोंड त्याच्याकडं केलं. "धरा जरा," ते म्हणाले. त्याने दोन्ही हातांनी पिशवी उघडी धरली आणि ते एकेक कैरी निरखून आत टाकू लागले.